पेडल खाली जातं

११ मार्च १९८७, बुधवार

ब्रेकचं पेडल खाली जातं. पहिल्यांदा दाबलं तर थेट तळाला टेकतं, लगेच दुसऱ्यांदा दाबलं की अर्ध्यावर अडतं आणि गाडी थांबते. तीन दिवस मी स्वतःची समजूत घालत होतो की चप्पल नवी आहे, म्हणून तसं वाटतं. आज डिचोलीच्या बाजारात उतारावर एक म्हैस आडवी आली आणि चपलेचा प्रश्न मिटला. दोनदा पेडल मारून मी तिच्या शेपटीपाशी थांबलो. म्हशीने मागे वळूनही पाहिलं नाही.

नाटक मंडळाची एक कोरी वही घरात पडून होती, तीत हे लिहितो आहे. गाडीचं काम निघालं की काय केलं, कधी केलं ते पुढे आठवत नाही. गाडी सत्तर सालची ॲम्बॅसेडर. सतरा वर्षं डिचोलीच्या स्टँडवर टॅक्सी म्हणून उभी राहते आणि तिच्यावर आमचं आमोण्याचं घर चालतं. बाकी मला लिहिण्याची हौस आहे हेही खरं. शांता म्हणते, मंडळात राजाची कामं करून करून मला स्वतःशीसुद्धा मोठ्याने बोलायची सवय लागली आहे.

१३ मार्च, शुक्रवार

सखारामला गाडी दाखवली. हा दोडामार्गाकडचा फिटर, स्टँडच्या मागे बसतो. माणूस सरळ आहे. गाडीखाली गेला, तेलाने माखून बाहेर आला आणि म्हणाला, "बापू, मास्टर सिलिंडर गेलो. आतलो बोर खाल्लो हा. नुसता रबरचा किट घातलंय तर म्हयनोभर काढीत. एकतर नवो घाला, नायतर बोर कातून आत पितळेचो स्लीव मारून घ्या. जुन्याचा बीड चांगला आसा, स्लीव मारलो तर धा वर्सां बघूक नको."

मास्टर सिलिंडर म्हणजे मुठीएवढं बिडाचं भांडं. पेडल दाबलं की तेच आतलं तेल चारी चाकांकडे ढकलतं. बोर म्हणजे त्याचं आतलं भोक, आणि ते झिजलं की आत बसवतात ती नळी म्हणजे स्लीव. एवढ्याशा भांड्यावर पाच माणसांचा जीव असतो.

मी विचारलं, स्लीव कोण मारतो? सखाराम हसला. "ह्यां माका विचारतास? अस्नोड्याचो इनास मेस्त. त्येच्यासारखो हात ह्या बाजूक दुसरो नाय."

मी म्हटलं, बघू.

या मिस्त्रीचं, इनासचं, नाव सध्या मी काढत नाही. डिसेंबरात कोकणी राजभाषा व्हावी म्हणून आंदोलनात रस्ते अडवले होते, तेव्हा अस्नोड्याला रस्त्याच्या मोरीवर बसलेल्या मंडळींत तोही होता. माझ्या गाडीत म्हापशाचं भाडं होतं. मला वाटलं, इनास आहे, सोडेल. सोडलं तर नाहीच, वर चारचौघांत मला विचारतो, "जयराम, तूं घरांत कोंकणी उलयता, गिरायकांकडेन कोंकणी उलयता, मागीर कागदार मराठी कित्याक?" सतरा वर्षं ज्याच्या हाती गाडी दिली त्याने रस्त्यावर माझी हजेरी घ्यावी! मीही काहीतरी उत्तर दिलं आणि गाडी वळवून घरी आलो. नाताळात दरवर्षी त्याच्या घरून नेवऱ्या आणि नारळ-गुळाचा दोदोल असा फराळ येतो, तो या वेळी आला नाही. म्हणजे राग कोणी धरला आहे ते स्पष्ट आहे.

१७ मार्च, मंगळवार

विचार करून ठरवतो आहे. ब्रेकच्या बाबतीत दुरुस्त केलेला माल वापरू नये असं माझं मत होत चाललं आहे. नवं ते नवं. कंपनीतून डब्यात बंद होऊन येतं, कोणाच्या मर्जीवर अवलंबून नसतं.

हे मी शांताला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "डायनॅमो कोणें केलो? रेडिएटर कोणें सांदलो? गियरबॉक्स दोन फावट उगडलो तो कोणें?" मी म्हटलं, ती गोष्ट वेगळी, हा ब्रेक आहे. ती म्हणाली, "ब्रेकच वेगळो न्हय, वर्सच वेगळें."

खरं तर गाडीत सीटा, हॉर्न आणि देवीचा फोटो एवढंच माझं आहे. बाकी प्रत्येक नटाला इनासचा पाना लागलेला आहे. पण माणसाने कधीतरी स्वतंत्र निर्णय घ्यायला हवा.

२० मार्च, शुक्रवार

म्हापशाचा बाजार. शांताला मिरच्या, सुकी मासळी आणि झाडू घ्यायचे होते, मला सिलिंडर बघायचा होता. वाटेत अस्नोडा लागतं. तिथे मी समोर बघून गाडी चालवतो.

स्पेअर पार्टच्या दुकानात दुकानदाराने लाल-निळा डबा काढून काउंटरवर ठेवला. "नवो, पॅक." उघडून दाखवला. काळाभोर चकचकीत रंग, हाताला वास लागावा इतका ताजा. दुसरा एक डबा होता, तो महाग. मी विचारलं, दोन्हींत फरक काय? म्हणाला, "फरक कसलो? डब्याचो." उद्या-परवा येतो म्हणून निघालो. मी एकदम कुठल्या वस्तूवर झडप घालत नाही.

बाजारात शांता इनासच्या बायकोशी बोलत उभी होती. मला पाहिल्यावर दोघी मिरच्यांबद्दल बोलू लागल्या. पाऊण तास मिरच्यांबद्दल काय बोलतात कोण जाणे.

२४ मार्च, मंगळवार

डिचोलीतल्या आणखी दोघांना विचारलं. एक वेल्डर आहे, दुसरा ट्रकची कामं करतो. दोघंही म्हणाले, इनासकडे जा. ट्रकवाला वर विचारतो, "तुमचें आनी ताचें तर दाट आशिल्लें मरे?" लोकांना दुसऱ्याच्या घरची फार काळजी.

आता पेडल तीनदा मारावं लागतं.

३० मार्च, सोमवार, पाडवा

सकाळी देवळात जाऊन कौल घेतला. माझं मन दोन्हीकडे ओढत असेल तर देवीलाच विचारलेलं बरं, आमच्याकडे लग्न, घर, विहीर सगळं विचारतात. गुरवाने ओल्या पाकळ्या देवीच्या दोन्ही बाजूंना चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं, "हे माउली म्हाराजा, हो तुजो भुरगो जयराम, ताचे गाडयेक नवो भाग घालचो जाल्यार उजवो प्रसाद दी." गाऱ्हाणं आमच्या बोलीतच असतं, लहानपणापासून ऐकतो आहे. एरवी आरत्या, पोथ्या, कीर्तन सगळं मराठी, पण देवीशी थेट बोलायचं तर असं. असो.

आम्ही हात जोडून उभे राहिलो. बराच वेळ काही नाही. मग डावी पाकळी पडली.

डावी म्हणजे नाही. गुरव माझ्याकडे बघू लागला. मी म्हटलं, प्रश्न नीट मांडला गेला नाही. भाग घालावा की नाही यापेक्षा महत्त्वाचं, तो घातला तर कोणाच्या जिवाला अपाय नाही ना? तेवढं विचारा. गुरव म्हणाला, "एकदां दिलो प्रसाद बापू, परत विचारप बरें न्हय." मी म्हटलं, हा वेगळा प्रश्न आहे. त्याने नाखुशीनेच विचारलं. या वेळी उजवी पाकळी लगेच पडली, वाट बघायलाही लागली नाही.

म्हणजे निकाल लागला. शांता बाहेर गाभाऱ्याच्या पायरीवर होती, तिला एवढंच सांगितलं की उजवा प्रसाद झाला. तिने विचारलं, "पयलींच फावट?" पहिल्याच खेपेला का, हे मी ऐकू न आल्यासारखं केलं.

४ एप्रिल, शनिवार

काल सिलिंडर आणला, स्वस्तातला. डब्याचेच जास्तीचे पैसे कोण देणार? आज सखारामने बसवला.

बसवताना तो भांडं हातात फिरवून बघत होता. "बापू, ह्येच्यार नंबर दिसना नाय." मी म्हटलं, रंगाखाली असेल. "रंग मातसो दाट आसा," म्हणाला आणि पाना उचलला. दुसऱ्याच्या मालात खोड काढायची फिटर लोकांना सवयच असते.

मग ब्रेकमधली हवा काढली. या कामाला दोन माणसं लागतात. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने खाली निजून चाकाकडचा नट सैल करायचा, तेलाबरोबर हवा गेली की नट आवळायचा, आणि तो सांगेपर्यंत वरच्याने पाय सोडायचा नाही. मी पेडलवर, सखाराम खाली. त्याचा आपला वेग निराळा. सतरा वर्षं मी एकाच आवाजावर पाय हलवलेला, त्यामुळे दोनदा चुकलो.

पेडल आता दगडासारखं आहे. एका दाबात गाडी उभी. स्टँडवर सगळ्यांना दाबून दाखवलं. जुना सिलिंडर घरी आणून जिन्याखाली टाकला, भंगारवाला येईल तेव्हा जाईल.

९ एप्रिल, गुरुवार

जिन्याखाली जुना सिलिंडर दिसला नाही. शांता म्हणाली, भंगारवाला येऊन गेला. मी म्हटलं, मग मोडकी बादली का नेली नाही? म्हणाली, "ताका बादली नाका जाली."

१८ एप्रिल, शनिवार

शांता एकटीच बसने म्हापशाला जाऊन आली. शुक्रवार नसताना कसला बाजार म्हणून विचारलं, तर म्हणाली, काल गुड फ्रायडे म्हणून आज भरला. संध्याकाळी तिची पिशवी हलवायला गेलो तर चांगलीच जड, आणि तेलाचा वास. "खोबरेल सांडलें," म्हणाली आणि पिशवी माझ्या हातून घेतली. खोबरेलाला असा वास येत नाही, पण बायकांच्या पिशवीत आपण कशाला डोकं घालायचं?

उद्या ख्रिस्तांवांचं पास्कांचं फेस्त, म्हणजे ईस्टर. इतर वर्षी या सुमारास इनास गाडीला ग्रीस मारून देई, मी नको म्हटलं तरी.

६ मे, बुधवार

आज अस्नोड्याहून जाताना भाड्यातला माणूस म्हणाला, जरा थांबवा, सोडा घेतो. नेमकं इनासच्या गॅरेजसमोर. मी काच वर केली. उकाड्याने जीव चालला होता, तरी काच वर. गॅरेजमध्ये एक ट्रक उभा होता आणि त्याच्याखालून इनासचे पाय बाहेर आले होते. त्या निळ्या चपला मी ओळखतो, मीच सावंतवाडीहून आणून दिल्या होत्या.

सोडा पिऊन होईपर्यंत त्या पायांकडे बघत बसलो. ते हलले नाहीत, म्हणजे त्याला कळलं नसेल. माझ्या गाडीचा आवाज तो लांबून ओळखतो असं स्वतःच सांगायचा, तेव्हा कदाचित कळलंही असेल.

मोरीवर मी काय बोललो ते इथे लिहिलेलं नाही. ते लिहितो, वही माझीच आहे. त्याने विचारलं, कागदावर मराठी कशाला. मी म्हणालो, "पदेराच्या पुताक भाशेंतलें कितें कळटा?" पदेर म्हणजे पाव भाजणारा. इनासचा बाप पदेर होता. पहाटे सायकलवर पावांची टोपली घेऊन डिचोलीपर्यंत यायचा. मी शाळेत जाताना भेटला की टोपलीवरचा गोणपाट उचलून गरम पाव हातावर ठेवायचा, आणि कधी विचारलं नाही की कोणाचा मुलगा. मोरीवरची सगळी माणसं हसली. इनास हसला नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय.

त्याने डोळे खाली केले आणि पाना पुसू लागला. हातात पाना नव्हता, नुसताच फडका होता.

१२ मे, मंगळवार

पेडल थोडं मऊ लागलं. उकाड्याने असेल.

२१ मे, गुरुवार

तेलाची पातळी खाली आली होती, भरली. सखारामला सांगितलं नाही, तो पुन्हा नंबर आणि रंग काढील. नवा भाग आहे, बसायला थोडे दिवस लागतात.

२६ मे, मंगळवार

दिवा लावून आजचं आजच लिहितो आहे.

पद्मावतीबाईंना फोंड्याला देवदर्शनाला न्यायचं होतं. बाई डिचोलीच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या, मलाही त्यांनी एक वर्ष शिकवलं आहे. सोबत त्यांची बहीण. पणजीचा पूल पडल्यापासून लोक इकडूनही जाऊ लागलेत, त्यामुळे आमच्या आमोण्याच्या फेरीवर हल्ली गर्दी असते. फेरीबोट अजून नदीच्या मध्यावर होती. धक्क्याचा उतार, पुढे दोन सायकली, एक मासळीवाली टोपली खाली ठेवून बसलेली, आणि त्यांच्यापुढे पाणी.

मी पेडल दाबलं. ते खाली गेलं. पुन्हा दाबलं, पुन्हा खाली. तिसऱ्यांदाही वर आलंच नाही. पायाखाली काही नाहीच असं वाटलं. गाडी सावकाश, अगदी सावकाश उतरत होती, आणि त्यानेच जास्त भीती वाटत होती. हँडब्रेक ओढला, हॉर्नवर हात दाबला आणि स्टिअरिंग डावीकडे फिरवून गाडी चिऱ्यांच्या भिंतीला घातली. मडगार्ड कापडासारखा चुरगळला. पुढचा बंपर टोपलीला लागला आणि बांगडे धक्क्यावर पसरले. मासळीवाली उडी मारून बाजूला झाली होती. "दोळे फुटल्यात काय रे तुजे?" म्हणाली, आणि मग माझ्या तोंडाकडे बघून बांगडे गोळा करू लागली.

कोणाला खरचटलंही नाही.

पद्मावतीबाई दार उघडून उतरल्या, पदर सारखा केला आणि विचारलं, "ब्रेक कधी केला होतास?"

"गेल्या महिन्यात, बाई. नवा घातला."

"इनासने?"

"नाही."

"मग कुणाला विचारून घातलास?"

मी देवीचं नाव सांगू शकलो नाही. शिकवायच्या तेव्हाही त्या असंच विचारायच्या.

सखारामने येऊन सिलिंडर सोडवला, पत्र्यावर ठेवून रंग खरवडला. खाली गंजाचे खड्डे, आणि ते कसल्याशा पुटीने भरलेले. "बापू, ह्यो नवो न्हयच," म्हणाला. "खंयच्या तरी भंगारातलो जुनो. धुवलो, पुटी भरली, रंग मारलो नि डब्यात घातलो." म्हणजे दुरुस्त केलेला माल नको म्हणून मी दुरुस्तही न केलेला माल घेऊन आलो. दुकानदाराने फसवलं हे खरंच, पण मी फसवून घ्यायला तयारच होतो. इनासचं दार सोडून कुठलंही दार चाललं असतं मला.

देवीने मात्र दोन्ही उत्तरं बरोबर दिली होती. घालू नको म्हणाली. जिवाला अपाय नाही म्हणाली.

२७ मे, बुधवार

शांताने दुपारी तांदळाच्या कणगीतून एक पुडकं काढून माझ्यासमोर ठेवलं. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, दोऱ्याने बांधलेलं, तेलाने डागळलेलं. उघडलं. माझा जुना सिलिंडर. बाहेरून तसाच, रंग नाही काही नाही, बिडावरचा नंबर घासून वाचता येण्यासारखा केलेला. आत बोट घातलं तर पितळेचा स्लीव, आरशासारखा गुळगुळीत. नवं रबर बसवलेलं.

"भंगारवालो," मी म्हटलं.

"भंगारवालोच," शांता म्हणाली. "अस्नोड्याचो."

एप्रिलमध्येच तिने नेऊन दिला होता. पास्कांच्या आदल्या दिवशी तयार झाला, त्याच दिवशी ती घेऊन आली. बाजारात मिरच्यांच्या नावाखाली दोघींनी हेच ठरवलं होतं. पाच आठवडे तो आमच्या कणगीत तांदळात पुरून होता, आणि मी वर दगडासारख्या पेडलची फुशारकी मारत होतो. शांताने काल सकाळीही मला जाऊ दिलं हे आठवून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, "म्हाका दिसलें, तुमी आपणच विचारतले. आज विचारतले, फाल्यां विचारतले. सुंभ जळलो तरी पीळ वचना म्हण्टात तें तुमचेंच." चूक तिची नव्हती, एवढं तिला सांगितलं.

पुडक्यात चिठ्ठी होती. इनास कोकणी लिहितो ती रोमी लिपीत, त्यांच्या चर्चच्या पुस्तकांसारखी. त्याला नागरीत लिहिताना मी आजवर पाहिलं नाही. चिठ्ठी नागरीत होती. पेन्सिलने, पहिलीतल्या मुलासारखी एकेक अक्षर वेगळं, एका ठिकाणी खोडून पुन्हा लिहिलेलं. "जयराम. बीड बरें आसा. दोन फावट दामपाक नाका, एकूच पुरो."

दोनदा दाबायला नको, एकदाच पुरे, एवढंच सांगणारी ती चिठ्ठी या वहीत ठेवली आहे.

३० मे, शनिवार

आज गोवा घटक राज्य झालं. सकाळी स्टँडवर पताका लावत होते. मी न थांबता पुढे गेलो. नीट सांगायचं तर थांबलो असतो तर पुन्हा निघालो नसतो. ब्रेक नसलेली गाडी पहिल्या गियरमध्ये, हँडब्रेकवर हात ठेवून, बैलगाडीच्या वेगाने अस्नोड्यापर्यंत नेली. शेजारी शांता, तिच्या मांडीवर पुडकं.

इनास दाराशीच उभा होता. म्हणजे आवाज ओळखतो हे खरं. त्याने चुरगळलेला मडगार्ड पाहिला, हात फिरवला, मग माझ्याकडे न बघता पुडकं शांताकडून घेतलं आणि गाडीखाली गेला. गॅरेजमध्ये रेडिओवर भाषण चाललं होतं. शांता मागच्या दाराने त्याच्या बायकोकडे गेली. मला सांगायचं होतं ते सगळं वाटेत तयार केलं होतं, नाटकातल्या भाषणासारखं, मराठीत. त्यातलं एक वाक्यही तोंडातून निघेना. मी स्टिअरिंगमागे बसून राहिलो.

तासाभराने खालून आवाज आला. "दाम."

मी पेडल दाबलं.

"धर."

धरलं. तेल डब्यात पडल्याचा आवाज, बुडबुड्यांचा आवाज.

"सोड."

असं मागच्या एका चाकाचं झालं, दुसऱ्याचं झालं. पाय एकदाही चुकला नाही. पुढच्या चाकाला तो सरकला तेव्हा मी पेडल धरून समोरच्या काचेकडे बघत म्हणालो, "इनास, त्या दिसा तुज्या बापायचें नांव काडपाक जाय नाशिल्लें. ताचे पाव खावन हांव शाळेंत गेलां. म्हजें चुकलें."

रेडिओवर टाळ्या वाजत होत्या. मग इनास म्हणाला, "पांय सोडलो मरे तुवें."

खरंच, बोलता बोलता पाय उचलला गेला होता.

"हवा परत भितर गेली," तो म्हणाला. "आतां सगळें पयल्यापासून." थोड्या वेळाने त्याने नाक शिंकरलं, आणि खालून एक तेलकट हात बाहेर येऊन गाडीच्या पत्र्यावर दोनदा थापटून गेला. "दाम," तो म्हणाला.

चारी चाकांचं पहिल्यापासून केलं. दुपार झाली. पेडल एका दाबात अर्ध्यावर येऊन थांबतं, दगडासारखं कडक लागत नाही, पण हलत नाही. इनास म्हणाला, असंच हवं. त्याच्या बायकोने चहा आणि त्यांच्या भट्टीचे पाव आणले. भट्टी आता त्याचा भाऊ चालवतो. मी चार पाव खाल्ले. शांताचं म्हणणं, दोन पुरे होते.

उद्या देवळात जाऊन गुरवाला सांगायचं आहे की दुसरा प्रश्न विचारायला नको होता.